तिसऱ्या मजल्यावरचे स्टूल

प्रति,
मा. उपनिबंधक,
सहकारी संस्था,
नवी मुंबई.

अर्जदार : सौ. क्षिप्रा निखिल मिठबावकर, वय ४३, व्यवसाय नोकरी, मानद सचिव (स्वतःच्या इच्छेविरुद्ध), तळेकाठ सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, शिरवणे गावामागे, नेरूळ.

विषय : अर्जदारास सचिवपदावरून मुक्त करणेबाबत, तसे करता येत नसल्यास अपात्र ठरवून काढून टाकणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन राजीनामे.
२) राजीनामा ही संस्थेची अंतर्गत बाब असल्याचे कळविणारे आपले पत्र.
३) संस्थेचा ठराव, "सचिवांच्या विश्रांतीकरिता स्टूल".

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही सदर संस्थेत गेली काही वर्षे सचिव म्हणून काम पाहत आहे. काम पाहत आहे असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून तसे लिहिले. पाहणारे इतर आहेत, करणारी अर्जदार आहे.

सदर पद अर्जदाराने मागितले नव्हते. आमच्या संस्थेत सचिव निवडण्याची एक रीत आहे. वार्षिक सभा खाली पार्किंगमध्ये भरते आणि "नवीन सचिव" हा विषय निघाला की समस्त सभासद आपापल्या मोबाइलमध्ये मान घालतात. जो आधी मान वर काढील तो सचिव. त्या वर्षी कोणीच काढली नाही. तेव्हा अध्यक्ष श्री. जयप्रकाश सामंत यांनी, "कोणाकडे पेन आहे का हो?" असे विचारले. अर्जदार नुकतीच राहायला आली होती, तिच्या पर्समध्ये पेन होते, आणि माहेरी देवगडला तिच्यावर असे संस्कार झाले होते की कोणी काही मागितले आणि आपल्याकडे असले तर द्यावे. तिने पेन वर केले. "वा! मग मॅडम, तुम्हीच लिहून घ्या ना," असे श्री. सामंत म्हणाले आणि पार्किंगभर टाळ्या झाल्या. त्या टाळ्या कशाच्या होत्या हे तिला घरी गेल्यावर पती श्री. निखिल यांनी समजावून सांगितले.

सुरुवातीला अर्जदाराला हे काम आवडत होते, हे नमूद न केल्यास अर्ज अपूर्ण राहील. पाण्याची टाकी कित्येक वर्षांनी आतून घासली गेली. जिन्यातले दिवे लागले. लोक खाली भेटले की हसायचे, आणि आपल्यामुळे चार घरांचे बरे चालले आहे असे मनाला वाटायचे. अर्जदार दिवसा ऐरोलीला आरोग्यविम्याचे दावे तपासणाऱ्या एका कंपनीत काम करते. दिवसभर परक्यांची दुखणी कागदावर वाचायची आणि संध्याकाळी शेजाऱ्यांच्या गळत्या डोळ्यांनी पाहायच्या, असा तिचा दिनक्रम झाला. वरच्याचे पाणी खालच्याच्या छतातून येते, खालच्याची फोडणी वरच्याच्या नाकात जाते, एक घर कुत्र्याला बिस्किटे घालते, दुसरे त्याच कुत्र्यावर तक्रार करते, आणि या सर्वांचा शेवट अर्जदाराच्या फोनवर होतो. फोन करणारा प्रत्येक सभासद सभ्य असतो. "मॅडम, बिझी आहात का? दोनच मिन्टं," असे म्हणूनच तो सुरू होतो. रागवायला जागा मिळाली असती तर कदाचित अर्जदार इतकी थकली नसती.

पुढे काही प्रकार घडू लागले. एका मोतीबिंदूच्या रुग्णाचा दावा तपासताना अर्जदाराने कंपनीच्या अधिकृत शेऱ्यात, "आपल्या गळतीची पाहणी प्लंबरकडून करून घेऊन पुढील सभेत निर्णय घेण्यात येईल," असे लिहिले. वरिष्ठ पहिल्यांदा हसले. दुसऱ्या रुग्णाच्या वेळी हसले नाहीत. घरी श्री. निखिल यांनी आमटीत मीठ नसल्याचे सांगितले असता, "लेखी द्या," असे अर्जदाराच्या तोंडून गेले. सगळे पोट धरून हसले. कन्या कु. अबोली, इयत्ता सातवी, हिला तर ते इतके आवडले की ती सहलीची परवानगीसुद्धा "लेखी देऊ का?" असे विचारून मागू लागली. अर्जदार "दे" म्हणत असे. त्यातली गंमत केव्हा संपली आणि ते नुसतेच उत्तर केव्हा झाले, हे कोणाच्या लक्षात आले नाही. अर्जदाराच्याही नाही. देवगडहून भावाने पाठवलेली आंब्याची पेटी उघडली तेव्हा घरभर वास दरवळला, आणि अर्जदाराच्या मनात पहिला विचार आला तो सालींचा ओला कचरा कोणत्या दिवशी उचलतात हा. त्या दिवशी तिला स्वतःचीच भीती वाटली.

ती डॉ. मोनाली यांच्याकडे गेली. त्यांनी रक्त तपासले, ते ठीक होते. "तुम्हाला आजार नाही, पण तुमच्यात आता काही शिल्लकच राहिलेलं नाही. याला बर्नआउट म्हणतात. जे सोडता येईल ते आत्ता सोडा," असे त्या म्हणाल्या. नोकरी सोडता येत नव्हती. मुलगी आणि घर सोडायचे नव्हते. राहिले ते सचिवपद, आणि ते सोडणे तर सगळ्यात सोपे असा अर्जदाराचा समज झाला. "अगं, दोन सह्यांचं तर काम आहे, त्याचं कसलं टेन्शन?" असे श्री. निखिल यांचे मत पडले. ते तळोज्याला कारखान्यात पाळीवर असतात, त्यामुळे सह्या त्यांनी पाहिलेल्या नाहीत.

पहिला राजीनामा अर्जदाराने वार्षिक सभेत उभे राहून वाचला. वाचताना तिचा आवाज भरून आला. सभासद गहिवरले. खजिनदार धावत वर जाऊन गणपतीत उरलेली शाल आणि देव्हाऱ्यापुढचा नारळ घेऊन आले आणि अर्जदाराचा सत्कार झाला. सभेचे इतिवृत्त लिहिण्याची जबाबदारी सचिवाची असल्यामुळे, "सभासदांनी सचिवांवर एकमुखाने विश्वास व्यक्त केला," हे वाक्य अर्जदारालाच स्वतःच्या हाताने लिहावे लागले. दुसरा राजीनामा तिने अध्यक्षांना दिला. तो मंजूर करण्यासाठी कमिटीची सभा हवी, सभेची नोटीस सचिवाच्या सहीने निघायला हवी, म्हणून तिने नोटीस काढली. सभेला अर्जदार आणि वॉचमन असे दोघेच हजर होते, कारण त्या संध्याकाळी क्रिकेटचा अंतिम सामना होता. तिसरा राजीनामा सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, आणि रांगेच्या शेवटी, "मॅडम, टाकीत पाणी नाहीये," असा संदेश आला. अर्जदार उठली आणि पंप सुरू करून आली.

त्यानंतर आपल्या कार्यालयाशी पत्रव्यवहार झाला. राजीनामा ही संस्थेची अंतर्गत बाब आहे, हे आपले उत्तर नियमाला धरून आहे आणि त्याबद्दल अर्जदाराची काहीही तक्रार नाही. परंतु संस्थेच्या आत तो स्वीकारणारे कोणी नाही आणि संस्थेच्या बाहेर तो कोणाचा विषय नाही, अशी सदर राजीनाम्याची अवस्था झाली. अर्जदाराची अवस्था त्याहून वेगळी नव्हती.

आता लिफ्टबाबत. एका संध्याकाळी अर्जदार ऐरोलीहून येऊन लिफ्टमध्ये शिरली आणि तिसऱ्या व चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट बंद पडली. दिवा होता, पंखा होता, फोनला मात्र रेंज नव्हती. नियमाप्रमाणे तिने घंटा दाबायला हवी होती. तिने पर्स खाली ठेवली, भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली आणि तिला झोप लागली. कित्येक महिन्यांत लागली नव्हती इतकी गाढ. मेकॅनिक श्री. गोटीराम यांनी लिफ्ट वर ओढून दार उघडले तेव्हा बाहेर जमलेल्या सभासदांनी सुटकेचा निःश्वास सोडला. अर्जदार रडू लागली. ती घाबरली म्हणून रडते आहे असे सर्वांना वाटले आणि कोणीतरी साखर-पाणी आणले. खरे कारण असे की, दार उघडले याचे तिला वाईट वाटले होते.

आमच्या लिफ्टमध्ये बटणांच्या खाली एक कुलूपबंद झाकण आहे. आत लिफ्ट जागच्या जागी थांबवण्याचा स्विच आहे, आणि झाकणाची चावी पदसिद्ध अधिकाराने सचिवाकडे असते. अर्जदाराने ती वापरली. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, कामावरून आल्यावर. संस्थेच्या मालमत्तेचा हा गैरवापर आहे आणि तो अर्जदाराने जाणूनबुजून केला आहे, याची आपण कृपया नोंद घ्यावी. लिफ्ट रोज का अडकते अशा तक्रारी सुरू झाल्या. त्या अर्थातच अर्जदाराकडे आल्या. तिने त्या दाखल करून घेतल्या, लिफ्टच्या कंपनीला खरमरीत पत्र लिहिले आणि चौकशीचे आश्वासन दिले. श्री. गोटीराम मशीन खोलून पुन्हा बसवून दमले. "मॅडम, लिफ्टला काय प्रॉब्लेम नाय. कोन तरी आतून बंद करतंय. पन चावी तर तुमच्याकडंच हाय ना?" असे ते म्हणाले आणि अर्जदाराकडे पाहून हत्यारे पिशवीत भरू लागले. भला माणूस, त्यांनी पुढे विचारले नाही.

श्रीमती राजाबाई या अर्जदाराच्या समोरच्या घरात राहतात. मूळ साताऱ्याकडच्या, मुलगा रणजीत वाशीच्या बाजारात कामाला, दोन्ही गुडघे गेलेले. एका संध्याकाळी लिफ्ट थांबवून अर्जदार आत बसलेली असताना खालून कोणी जिना चढत असल्याचा आवाज आला. पायरीगणिक थांबणे, कण्हणे. मग ते लिफ्टच्या दाराशी थांबले. "आत हाईस न्हवं? ठावं हाय मला," असे राजाबाई म्हणाल्या. "बस जरा. म्याबी बसत्ये हितं पायरीव. कुनाला न्हाई सांगत." दाराच्या बाहेर राजाबाई मेथीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि आत अर्जदार बसली. अर्जदाराला त्या दिवशी झोप लागली नाही. आपल्या विश्रांतीचा जिना दुसऱ्याच कोणाला चढावा लागतो आहे, हे कळल्यावर ती कशी लागणार?

म्हणून अर्जदाराने विशेष सभा बोलावली, विषय "लिफ्टमधील बिघाड", आणि सर्वांसमोर चावी दाखवून कबूल केले. तिला मनापासून आशा होती की लोक चिडतील. मग श्री. सामंत सद्गदित होऊन म्हणाले, "अहो मॅडम, सांगायचं ना! आपण काय परके आहोत?" त्यानंतर जे झाले ते संदर्भ क्रमांक ३ मध्ये आहे. सचिवांना रोज संध्याकाळी लिफ्टमध्ये विश्रांती घेण्याची मुभा देण्यात यावी, सुरक्षिततेच्या दृष्टीने लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये न थांबवता तिसऱ्या मजल्यावर थांबवावी, त्या वेळेत सभासद जिना वापरतील, सचिवांना खाली बसावे लागू नये म्हणून एक प्लास्टिकचे स्टूल ठेवण्यात यावे. ठराव एकमताने मंजूर. "तेवढाच आमचा पण व्यायाम," असे खजिनदार म्हणाले. राजाबाईंसाठी त्या वेळेत भाजी खालून आणून देण्याची जबाबदारी कोणी घ्यावी यावर चर्चा झाली, आणि ती सचिवांनी घ्यावी असे ठरले.

महोदय, या लोकांचा अर्जदाराला राग येत नाही. त्यांना तिच्याविषयी खरोखर माया आहे. तिला विश्रांती मिळावी म्हणून ते काहीही करतील, फक्त तिचे काम करणार नाहीत.

स्टूल निळ्या रंगाचे होते. त्यावर बसल्यावर पहिल्याच संध्याकाळी दारावर टकटक झाली. "मॅडम, आराम चालू आहे ना? डिस्टर्ब नाही करत. फक्त एक सही." आता सचिव रोज ठराविक वेळी ठराविक ठिकाणी सापडतात ही सोय सर्वांच्या ध्यानात आली होती. दाराखालच्या फटीतून कागद आत येऊ लागले. अर्जदाराने संस्थेचा "मिळाले" हा शिक्का आणि पॅड स्टुलाखाली ठेवले. कागद आला की न पाहता शिक्का, सही, आणि परत बाहेर. वाचायला लागले की प्रश्न पडतात आणि प्रश्न पडले की दार उघडावे लागते, एवढे तिला कळून चुकले होते.

गेल्या सोमवारी संध्याकाळी असेच चार-सहा कागद आले. प्रत्येकावर शिक्का पडला. थोड्या वेळाने दारावर टकटक नव्हे, तळव्याचा दणका बसला. "क्षिप्रा! भाईर ये. पोरगी तापानं फनफनलीया, आन तू हितं शिक्के मारत्येस व्हय?" राजाबाईंचा आवाज होता. या इमारतीत अर्जदाराला नावाने हाक पहिल्यांदाच ऐकू आली. तिने दार उघडले.

कु. अबोली राजाबाईंच्या घरी निजली होती, कपाळावर ओली पट्टी. शाळेतून आल्यापासून तिला ताप होता. वडील पाळीवर, आईच्या फोनला लिफ्टमध्ये रेंज नाही. ती तिसऱ्या मजल्यावर आली तेव्हा दारापुढे लोक उभे होते, म्हणून ती रांगेत मागे उभी राहिली आणि नंबर आल्यावर तिनेही आपला कागद आत सरकवला. तो शिक्का होऊन बाहेर आला, तो घेऊन ती पायरीवर बसून राहिली. राजाबाईंनी विचारले तर म्हणाली, "आईला मिळालंय. शिक्का आहे."

त्या कागदावर पुढीलप्रमाणे लिहिले आहे : "प्रति, माननीय आई. विषय : ताप आल्याबाबत. महोदया, मला दुपारपासून ताप आहे. बाबांचा फोन लागत नाही. तुला वेळ होईल तेव्हा घरी यावे ही विनंती. घाई नाही. आपली नम्र, अबोली." खाली संस्थेचा गोल शिक्का, "मिळाले", आणि अर्जदाराची सही. सही अगदी व्यवस्थित आलेली आहे.

ताप साधाच होता आणि तो आता उतरला आहे. अबोलीने तक्रार केलेली नाही. तिला त्यात तक्रार करण्यासारखे काही वाटले नाही, आणि अर्जदाराला रात्रंदिवस तेच सलते आहे. आपल्या आईकडे असेच जायचे असते, हे मुलगी शिकून बसली, आणि शिकवले ते अर्जदाराने. दमणूक आपली आपल्यापुरती असते आणि दात आवळून ती निभावता येते, असा अर्जदाराचा आजवरचा समज होता. तो चुकीचा आहे. डॉ. मोनाली यांनी या दमणुकीला जे नाव दिले होते ते अर्जदाराने त्या वेळी ऐकले होते. ते तिला कळले ते हा शिक्का पाहिल्यावर.

तरी विनंती की, अर्जदारास सचिवपदावरून मुक्त करावे. ते नियमात बसत नसल्यास लिफ्टच्या चावीचा गैरवापर, कमिटीची दिशाभूल आणि न वाचता केलेल्या असंख्य सह्या या कारणांवरून तिला अपात्र ठरवावे. अर्जदार कोणताही खुलासा देणार नाही. त्यालाही अवधी लागणार असल्यास, निदान सोबतच्या वस्तू आपल्या ताब्यात घ्याव्यात. पदाचा भार सोपवायला संस्थेत कोणी हात पुढे करत नाही, म्हणून तो येथे आणला आहे. या वस्तू परत नेण्यासाठी अर्जदारास बोलावू नये. संस्थेपैकी कोणी नेण्यास आल्यास, त्यांच्याकडे पेन आहे का हे आधी विचारावे.

आणखी एक विनंती आहे. या अर्जाची पोच देऊ नये. कागदावर शिक्का पडला की देणाऱ्याला वाटते काम झाले आणि घेणाऱ्याला वाटते सुटलो, हे अर्जदार दोन्ही बाजूंनी अनुभवून बसली आहे. शिक्क्याऐवजी आपण हा अर्ज एकदा वाचावा, म्हणजे पुरे.

आपला निर्णय होईपर्यंत अर्जदार जिन्याने ये-जा करील. राजाबाई लिफ्टने जातील. पाण्याचा पंप कोण सुरू करील याची अर्जदाराला कल्पना नाही, आणि तो विचार मनात येताच उठून जावेसे वाटते हे ती कबूल करते. ती उठणार नाही असा तिचा आजचा निश्चय आहे. उद्याचे उद्या.

आपल्या वेळेबद्दल मनापासून आभारी,
आणि हे लिहीपर्यंत तरी पदावर असलेली,

(सही)
सौ. क्षिप्रा निखिल मिठबावकर
नेरूळ, दि. १७ फेब्रुवारी २०२५

सोबत :

१. डॉ. मोनाली यांचे प्रमाणपत्र. (कमिटीने "पुढील सभेपुढे ठेवावे" असा शेरा मारलेले.)

२. संस्थेच्या चाव्यांचा जुडगा, लिफ्टच्या चावीसह.

३. संस्थेचा "मिळाले" हा शिक्का आणि पॅड.

४. अर्जदार आपल्या कार्यालयात येणार असल्याचे ग्रुपवर कळल्यावर, "मॅडम, जाताच आहात तर हे पण देऊन या," म्हणून सभासदांनी दिलेले कागद. अर्जदाराने ते वाचलेले नाहीत आणि त्यांवर सही केलेली नाही.

५. प्लास्टिकचे स्टूल, निळे, एक. आपल्याकडे येणाऱ्यांना बसण्यासाठी.

६. कु. अबोली हिच्या अर्जाची छायांकित प्रत. मूळ अर्ज माझ्याकडे आहे. त्याला उत्तर द्यायचे बाकी आहे, म्हणून आज लवकर घरी जात आहे.